बाबांसाठी आणलेला कुत्रा

कुत्रा घेऊन सीमा ओलांडायची म्हणजे काय, ते ओलांडणाऱ्यालाच ठाऊक. माणसाला एक ओळखपत्र पुरतं. ओटोला लशीचा दाखला, तब्येतीचा दाखला, तो जिथे शिकला त्या शाळेचं पत्र. आणि हे सगळं हातात दिल्यावरही पुलावरचा माणूस विचारतो, "बाई, हा चावतो का?"

"अजून तरी नाही," मी म्हटलं. "पण आम्हाला असंच उन्हात उभं ठेवलंत तर मी चावेन."

त्याला हसू आलं नाही. त्याने आत जाऊन कोणाला तरी विचारलं, त्या कोणीतरी आणखी कोणाला. तोवर आमची बस निघून गेली. तिकडे वर, आमच्या गावी तोलापाम्पात, माझे बाबा घरात निजवलेले होते आणि माझ्यासाठी किती थांबवणार त्यांना.

मी आंधळी आहे. जन्माची नाही. सतराव्या वर्षी गाव सोडून सीमेपलीकडे खाली कोर्दोबा शहरात आले, तेव्हा चांगलं लख्ख दिसत होतं. पुढे साखरेच्या आजाराने डोळे नेले. आता एका दवाखान्यात टेलिफोनवर बसते. डोळे गेल्यापासून गावी आले नव्हते, कारण येणार कशी? आणि वाट दाखवायला ओटो मिळाल्यावरही आले नाही, कारण रजा नव्हती, पैसे नव्हते, आज जाऊ उद्या जाऊ. मग मेल्चोरकाकांचा फोन आला की दादा गेला, म्हणजे माझे बाबा.

दुसऱ्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, कुत्रा खाली सामानात. मी दारातल्या पायरीवरच बसकण मारली. "मग मलाही सामानातच टाका." मागून एक बाई करवादली की कुत्र्याचे केस उडतात, तिच्या पोराला दमा आहे. तिच्या मांडीवर कोंबड्यांची टोपली होती. वासाने कळत होतं आणि कोंबड्या स्वतःही सांगत होत्या. तासभर तमाशा झाला. शेवटी ड्रायव्हरच कंटाळला आणि ओटो माझ्या पायांवर डोकं ठेवून झोपला, जसा काही हा सगळा गोंधळ दुसऱ्याच कोणाचा होता.

रस्ता संपतो तिथे काका ट्रक घेऊन आले होते. त्यांनी मला मिठी मारली आणि म्हणाले, "काल ठेवला गं त्याला जमिनीत. वाट बघितली तुझी, पण नाही जमलं." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. त्यांच्या अंगाला बाबांच्याच अंगाचा वास येत होता, कळपातल्या लामांच्या लोकरीचा आणि धुराचा. मग ते ओटोजवळ खाली वाकले.

"काळाभोर आहे की हा," ते म्हणाले. "कुठे पांढरा ठिपकासुद्धा नाही."

"ओटो नाव त्याचं," मी म्हटलं. मला अभिमानच वाटला.

घरी काय होणार याची मला धास्ती होती. आमच्याकडे कुत्रा उंबऱ्याच्या आत येत नाही. आईची काळी कुत्री याना, बाबांनी शेळीच्या आचळाला लावून वाढवलेली, इतकी वर्षं लामांच्या मागे धावली, पण थंडीतही दाराबाहेर झोपली. मी भांडायच्या तयारीनेच आत शिरले. सीमेपासून नुसतं भांडतच आले होते, तोंड तापलेलंच होतं. पण कोणी काही बोललं नाही. उलट सिप्रियानाकाकूने, म्हणजे मेल्चोरकाकांच्या बायकोने, चुलीजवळची जागा रिकामी केली आणि तिथे मेंढीचं कातडं टाकलं. माझ्यासाठी नाही, ओटोसाठी.

मी बसले आणि प्रवासाचं रामायण सांगितलं. दाखले, पूल, चुकलेली बस, कोंबड्या. हसवायला सांगत होते. कोणी हसेना. काकू नाक शिंकरत होती.

"बापासाठी किती सोसलंस गं पोरी," ती म्हणाली.

मी मनात म्हटलं, बापासाठीच तर आले. त्यात काय चुकीचं होतं?

आई माझ्याजवळ येऊन बसली. ती कमी बोलते. तिने ओटोच्या डोक्यावरून, कानांवरून, पाठीवरून हात फिरवला. मला तिच्या तळव्याची खरखर ऐकू येत होती.

"शहाणा आहे?" तिने विचारलं.

"माझ्यापेक्षा."

"पाण्याला भितो का?"

"छे. पाणी दिसलं की आवरावं लागतं त्याला. मस्त पोहतो."

चुलीभोवती सगळ्यांनी एकदम श्वास सोडला. मला वाटलं, दमलेत बिचारे, बाबांच्या आजारपणात झोप नाही झाली.

त्यानंतरचे दिवस मी सुखात काढले, सांगायलाही लाज वाटते. घरात दुःख होतं, पण माझ्या ओटोला असा मान कधी मिळाला नव्हता. कोर्दोबात हॉटेलवाले दारातूनच परत पाठवतात. इथे गावातली माणसं त्याला बघायला येत, येताना काही ना काही आणत. कोणी सुकं मांस, कोणी हाडाचं सूप. मी ओरडायचे, "त्याला नका देऊ, त्याचं पोट बिघडेल, त्याचं खाणं ठरलेलं असतं."

"खाऊ दे गं," काका म्हणायचे. "लांब जायचंय त्याला."

कोर्दोबा लांबच आहे.

एकदा काकूने ओटोच्या पाठीवर वीत टाकून माप घेतलं. मानेपासून शेपटीपर्यंत, मग पोटाभोवती दोरी धरून. मी विचारलं, काय करतेस, तर म्हणाली, शिवतेय त्याच्यासाठी. आमच्याकडे वाऱ्याने अंग फुटतं. मला वाटलं झूल शिवतेय. मला भरून आलं. ही माणसं वर्षानुवर्षं मला फोनवर "तुझं लग्नाचं काय" एवढंच विचारायची, आणि आता माझ्या कुत्र्याला थंडी वाजू नये म्हणून शिवत बसली होती. मी काकूच्या हाताचा मुका घेतला.

माणूस गेला की नवव्या दिवशी त्याचे कपडे नदीवर धुतात आणि त्याला वाटेला लावतात. त्याच्या आदल्या दुपारी सगळे आमच्या घरी जेवायला जमले. जेवण वाढून झाल्यावर काका उभे राहिले. काकांना उभं राहून बोलायची हौस आहे, गावात मुखिया होते तेव्हापासूनची.

"पोरीने बापाला शोभेल असं केलं," ते म्हणाले. "आपण याना द्यायची ठरवली होती. वहिनी तोंडाने काही म्हणत नव्हत्या, पण याना गेली की लामांमागे कोण धावणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आणि अशा वेळी ही आली. परदेशातून, एवढे हाल सोसून, घरचा काळा कुत्रा घेऊन. तोही साधासुधा नाही. ज्याला दिसत नाही त्याला वाट दाखवायलाच शिकलेला. दादा तिकडच्या अंधारात नदीच्या काठावर उभा आहे. याचा कान धरेल आणि सरळ पलीकडे जाईल. असा मान आपल्या पंचक्रोशीत कोणाला मिळालाय, सांगा."

माझ्या हातातली वाटी कलंडली. गरम सूप मांडीवर सांडलं आणि मला ते उशिरा कळलं.

मला कळायला हवं होतं. मी याच घरात जन्मले. आमच्याकडे मेलेल्याला तिकडची नदी ओलांडून न्यायला घरचा काळा कुत्रा मारून त्याच्यामागे धाडतात. आजोबा गेले तेव्हा त्यांच्या कुत्र्याच्या पाठीवर टाकायच्या पिशव्यांत भाजलेला मका आणि कोकाची पानं मीच भरली होती, आणि नदीवरून येताना रडले होते, आजोबांसाठी नाही, त्या कुत्र्यासाठी. हे सगळं मला पाठ होतं. पण खरं सांगते, ओटो कुत्रा आहे हेच मी विसरले होते. तो माझा रस्ता होता, जिना होता, बसचा थांबा होता. आपला हात कोणी मागेल असं कोणाच्या मनात येतं का?

"काका," मी म्हटलं, "ओटोला मी बाबांसाठी नाही आणलं."

"मग कशाला आणलंस?"

"त्याच्याशिवाय मला चालता येत नाही."

"इथे आम्ही आहोत की. हात धरून नेऊ."

"आणि तिकडे गेल्यावर?"

"तिकडे दुसरा देतील ना," काकू म्हणाली. ती दुष्टपणे नाही बोलली, समजूत घालत बोलली. "तूच फोनवर सांगितलं होतंस आईला, की म्हातारा झाला की शाळेवाले नवा देतात म्हणून."

सांगितलं होतं. माझ्याच जिभेला हाड नाही.

"दोन वर्षं थांबले होते मी याच्यासाठी. दोन वर्षं घरात भिंती चाचपत बसले होते."

"आणि वहिनींनी किती थांबायचं?" काका म्हणाले. "त्यांना कुठली शाळा कुत्रा देणार आहे? पिल्लू आणायचं, शेळीला लावायचं, कळपात वाढवायचं. ते कोल्ह्यावर धावून जाईपर्यंत वहिनी असतील का? आणि पुमा उतरला तर?"

"लोकरीचा करा. खालच्या गावात लोकरीचा कुत्रा करतात आता, पाद्रीबाबाही चालतो म्हणतात."

"लोकर भिजली की जड होते. दादाला बुडवायचंय का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"मग दुसऱ्या कोणाचा कुत्रा घ्या."

"परक्याचा कुत्रा दादाला ओळखेल का? घरचाच लागतो. आणि घरच्याने आपल्या हाताने द्यावा लागतो. हिसकावलेला मधूनच परत फिरतो. म्हणून तर तुला विचारतोय, नाहीतर तुला दिसतंय थोडंच."

हे ऐकून मला राग आला आणि त्याच वेळी धीरही आला. म्हणजे कोणी चोरून नेणार नव्हतं. सगळं माझ्यावरच होतं.

"मी नाही मानत हे," मी म्हटलं.

"नाही मानत?" काकूचा आवाज बारीक झाला. "मग तुझा बाप आत्ता कुठे आहे?"

कोर्दोबात मला कोणी हे विचारलं असतं तर माझ्याकडे चांगलं तयार उत्तर होतं. तिथे, त्या चुलीजवळ, बाबांच्या बाकावर बसून ते उत्तर तोंडातून निघेना. मला नदी दिसत होती. मला दुसरं काही दिसत नाही, पण ती दिसत होती, आणि तिच्या काठावर टोपी हातात धरून उभे असलेले बाबा. त्यांना कधीच कोणाला आवाज द्यायला जमलं नाही. ट्रकवाला पुढे निघून गेला तरी हात वर न करणारा माणूस.

"जेवण गार होतंय," आई म्हणाली. एवढंच.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी ओटोला घेऊन गोठणावर गेले. आई लामांना सोडत होती. याना तिच्या मागेपुढे होती. तिची नखं दगडांवर वाजत होती. ओटोने तिला हुंगलं, तिने त्याला. त्यांचं आपसात बरं चाललं होतं.

"आई," मी म्हटलं, "तू सांग. तू म्हणालीस तर मी देते."

हे मी का म्हटलं ते मला पक्कं माहीत आहे. आईने आयुष्यात कधी काही मागितलेलं नाही, आणि आता मागणार नाही याची मला खात्री होती. मला फक्त तिच्या तोंडून सुटका हवी होती.

एक लामा थुंकली, आईने तिला शिवी घातली.

"तुझा आहे," ती म्हणाली. "तुझ्या हातात आहे."

ओटोच्या अंगावरच्या पट्ट्याला एक ताठ दांडी असते. ती मी धरली की तो कामावर. त्या दिवशी नदीवर मी ती दांडी सकाळपासून सोडली नाही. बाबांचा सदरा मला धुवायला दिला, तो मी एका हाताने धुतला. पाणी इतकं थंड की बोटं माझी राहिली नाहीत. बायका माझ्या दोन्ही बाजूंना होत्या, पण जरा लांब. एरवी खांद्याला खांदा लावून बसतात. सदऱ्याचं एक कोपर फाटलेलं होतं आणि ते कोणीतरी, म्हणजे आईनेच, जाड दोऱ्याने शिवलेलं होतं. मी त्या शिवणीवरून अंगठा फिरवत राहिले, कारण मान वर केली असती तर सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं असतं. बघतच असतील.

कपडे वाळले, मग जाळायचे ते जाळले. धूर आमच्या बाजूने आला. काका म्हणाले, "चला, उशीर नको." मला कळलं की आता सगळे थांबले आहेत, माझ्यासाठी. ओटो माझ्या गुडघ्याला टेकून बसला होता आणि त्याचं अंग गरम होतं. मी दांडी आणखी घट्ट धरली.

मग आईने शीळ घातली. लामांना वळवताना घालते ती, दोन तुकड्यांची. नखं दगडांवर वाजत आली, आनंदाने, कामाला बोलावलं म्हणून.

काकूने शिवलेल्या पिशव्या ओटोच्या मापाच्या होत्या. यानाच्या अंगाला त्या मोठ्या झाल्या, काकू म्हणाली, "लोंबतायत." आई म्हणाली, "दोरी दे." ती दोरी आवळताना यानाशी हळू बोलत होती. काय बोलत होती ते मला ऐकू आलं असतं, माझे कान चांगले आहेत, पण मी ऐकलं नाही. मी ओटोच्या कानामागे खाजवत बसले.

काका यानाला खडकामागे घेऊन गेले. आईही गेली. घरच्याने द्यावा लागतो.

फार वेळ लागला नाही. आवाजही फारसा नव्हता. ओटो उभा राहिला, त्याचं सगळं अंग ताठ झालं, आणि तो एकदाच कण्हला. त्याला कामावर असताना आवाज करायची परवानगी नाही. मी त्याला गप्प म्हटलं. तो गप्प झाला.

परतताना मागे वळून बघायचं नसतं, नाहीतर गेलेला माणूस आपल्या मागे येतो. काका सगळ्यांना बजावत होते. माझ्यापाशी आले तेव्हा काहीच न बोलता पुढे गेले. पण वाटेत माझ्या हातातली दांडी वळली. ओटो मागे बघत होता. मी त्याला पुढे म्हटलं, दोनदा म्हणावं लागलं.

त्यानंतर मला कोणी वाईट बोललं नाही. ओटोला मात्र कोणी काही आणलं नाही, चुलीजवळचं कातडं उचललं गेलं, आणि काकूने दारातून म्हटलं, "बाई, कुत्र्याला बाहेर ठेवशील का, घरात केस होतात." मी त्याला बाहेर ठेवलं नाही. मीच त्याच्याबरोबर बाहेर बसले.

निघायच्या दिवशी सकाळी आई कळपामागे गेली होती. मला तिचा आवाज डोंगराच्या अंगावरून ऐकू येत होता, कधी डावीकडे, कधी खूप वर. ती हाका मारत होती, गोफणीने दगड मारत होती, मध्येच तिला दम लागून आवाज तुटत होता. सत्तरी ओलांडलेली बाई. याना जे करायची ते ती पायांनी करत होती.

ती मला पोचवायला रस्त्यापर्यंत आली. ट्रकमधून नाही, चालत, ओटोच्या दुसऱ्या बाजूने. तिचा श्वास अजून बसला नव्हता.

"माझ्याबरोबर चल," मी म्हटलं.

"आणि लामा?"

"मग मी तुला कुत्रा पाठवते. चांगला, मोठा, शिकलेला. मी कोणाला तरी सांगून…"

"नको पाठवूस," ती म्हणाली. "या वयात मला सांभाळायला नाही जमणार."

बसचा आवाज खालच्या वळणावर आला. आईने वाकून ओटोच्या पाठीवर हात ठेवला, पहिल्या दिवशी ठेवला होता तसाच, मानेपासून शेपटीपर्यंत.

"हा किती वर्षं काम करतो?"

"अजून पाचएक वर्षं. मग घरी बसतो. मग दुसरा देतात."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण नव्हता. आठवड्याच्या बाजारातून काय आणायचं ते सांगतात, तशी ती सांगत होती. "मी पण काही फार थांबत नाही. दुसरा घेशील ना, तो काळाच माग. आणि मी गेले असं कळलं की या म्हाताऱ्याला घेऊन ये. तेव्हा तुझ्याकडे दुसरा असेल."

बस थांबली, दार उघडलं. ड्रायव्हर काहीतरी कुत्र्याबद्दल बोलायला लागला.

मी आईला हो म्हटलं. मग ओटोला पायरी शोधायला सांगितली, आणि त्याने शोधली.